लाल दोऱ्याचा डबा

"त्या डब्यांकडे बघू नकोस," माणिक्यांबा मुलाला म्हणाली.

भास्करम खरं तर खिडकीबाहेर बघत होता. आईने म्हटलं म्हणून त्याने खाली बघितलं. समोरच्या बाकाखाली स्टीलचे नऊ डबे एकमेकांना खेटून बसले होते. तीन डब्यांत तांदूळ-गुळाचे अरिसेलु, दोनांत उडदाचे लाडू, बाकीच्यांत पाकातले काजे, चकल्या आणि आणखी काय काय. मंडपेट्याच्या घरात दहा दिवस कोंडलेला तुपाचा वास आता या डब्यांत बसून तेनालीला निघाला होता. त्याच्या मुलीचं, शिरीषाचं, पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगा सहा महिन्यांचा झाला, आता तिला सासरी पोचवायची तर रिकाम्या हाताने कसं जाणार? माहेरची शिदोरी सासरच्या अख्ख्या गल्लीत वाटली गेली पाहिजे आणि तिथल्या बायकांनी महिनाभर त्या शिदोरीला नावं ठेवली पाहिजेत, तेव्हा कुठे मुलगी नीट पोचली असं म्हणायचं.

"अम्मा, एक अरिसे काढू का? गोदावरी कधीच मागे पडली, चहावालाही फिरकला नाही."

"काढ की. आणि मग व्याह्यांच्या दारात उष्टा डबा कसा ठेवायचा तेही सांग."

"उष्टा कसा? मी काय डब्यात तोंड घालणार आहे?"

"तुमचा भरवसा नाही, नान्ना," शिरीषा म्हणाली. तिच्या दोन्ही मनगटांना जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. आत तीन-तीन बांगड्या होत्या. राजमहेंद्रीला गाडीत चढल्या चढल्या शेजारच्या बाईने हळहळून विचारलं होतं, "पोरी, हाताला काय झालं गं?" आणि शिरीषाने मान खाली घालून सांगितलं होतं, "अरिसेलु तळताना भाजले." तेव्हापासून ती बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळाच्या दुपट्यात सोन्याचा करगोटा होता हे तिला माहीत नव्हतं. बाळाने मात्र तो दोनदा भिजवला होता.

सगळं सोनं एका ठिकाणी नको, हा भास्करमचा हुकूम. त्याप्रमाणे वाटण्या झाल्या होत्या. सगळ्यात मोठी जोखीम कामेश्वरीकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे. कासुलपेरू तिच्याजवळ होतं. एकशे आठ सोन्याच्या नाण्यांची माळ, प्रत्येक नाण्यावर लक्ष्मी. माणिक्यांबाची ती माळ कामेश्वरीच्या लग्नात तिच्या गळ्यात पडली आणि तिथेच राहिली. उद्या बाळाच्या उष्टावणाला ती शिरीषाने घालायची होती. कामेश्वरीने ती खणाच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड शिवून, दोन पिनांनी परकराच्या आत टोचली होती. दर दोन स्टेशनांनी तिचा हात आपोआप कमरेकडे जायचा.

"हात," माणिक्यांबा म्हणाली.

"काय, अत्तय्या?" कामेश्वरीने सासूला विचारलं.

"हात कमरेला लावू नकोस. चोर काय तुझ्या कमरेकडे बघत नसतो. तो तुझ्या हाताकडे बघतो. माणसाचा जीव जिथे, तिथे त्याचा हात."

"मग काय, हात बांधून बसू?"

"शिरीषासारखे बांध," म्हातारी म्हणाली आणि हसली.

शहात्तर वर्षांची होती माणिक्यांबा. प्रवासात दागिने कसे न्यावेत यावर गोदावरी जिल्ह्यात तिच्याइतका विचार कोणी केला नसेल. एकदा तिने नथ केळफुलात घालून नेली होती. एकदा कानातली कुडी औषधाच्या चूर्णात ठेवली, आणि काकीनाड्याला पोचेपर्यंत आजोबांनी त्यातलं निम्मं चूर्ण घेतलं होतं. तिचा नियम एकच होता. कुठे ठेवलं ते कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की त्या माणसाची नजर तिकडे जाते, आणि नजरेपाठोपाठ चोर.

हा नियम घराला एकदा फार महाग पडला होता. पण त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

*

तेनालीला अनसूयम्मा, म्हणजे शिरीषाची सासू, दारातच उभी होती. नातवाची दृष्ट काढून झाली, सुनेच्या चिंध्या बघून झाल्या, "अगं बाई, भाजलं काय?" असं ओरडून झालं आणि खरं कळल्यावर पोट धरून हसूनही झालं. डबे ओसरीवर ओळीने मांडले. माणिक्यांबाला प्रवासाने चक्कर आली होती. आमटीभाताचे चार घास खाऊन ती मागच्या खोलीत आडवी झाली आणि घोरायला लागली.

"वदिनगारू, तुम्ही पण पडा जरा," अनसूयम्मा कामेश्वरीला म्हणाली. "वाटायचं काम आमचं. माझ्या दोन्ही जावा आल्या आहेत. चार वाजायच्या आत गल्ली संपवतो. उशीर झाला की लोक म्हणतात, सासूने निम्मं आत लपवलं."

कामेश्वरी आत गेली. दार लावून तिने परकराच्या पिना काढल्या, दाताने टाका तोडला आणि पिशवी पलंगावर उपडी केली.

तिला आधी आवाज खटकला. सोनं असं वाजत नाही. माळ हातात घेतली तर ती तिची स्वतःचीच होती, पण दुसरी. बंदरच्या बाजारातून तीन वर्षांपूर्वी आणलेली रोल्डगोल्डची, लांबच्या लग्नांत घालायची. आणि वजन भरावं म्हणून पिशवीच्या तळाला जुने तांब्याचे ढबू पैसे घातले होते, चिंधीत नीट बांधून.

मग तिला राग आला, आणि रागाबरोबर हसूही. चिंधीची गाठ तिच्या ओळखीची होती. घरात तशी गाठ एकच माणूस मारत असे.

"अत्तय्या." तिने मागच्या खोलीत जाऊन म्हातारीला हलवलं. "अत्तय्या, उठा. कासुलपेरू कुठे ठेवलंत?"

माणिक्यांबाने डोळे उघडले. "पोचलो ना आपण?"

"कधीच."

"मग सांगायला हरकत नाही. तू सकाळी न्हायला गेलीस तेव्हा पिशवी देवघरात ठेवली होतीस. बदलली मी. कोणी तुझी कंबर कापली असती तर बंदरची माळ घेऊन गेला असता, खुशाल. खरी अरिसेलूच्या डब्यात आहे. मधल्या थरात, मलमलच्या फडक्यात. अरिसेलु चपटे, नाणी चपटी, कोणाला कळायचं नाही."

"कुठल्या डब्यात?"

"चुकू नये म्हणून कडीला लाल दोरा बांधलाय."

कामेश्वरी ओसरीवर धावली. तिथे आता एकच डबा होता, चकल्यांचा, आणि त्यातल्याही चकल्या अनसूयम्मा केळीच्या पानांवर चार-चार मांडत होती.

"वदिना, लाल दोऱ्याचा डबा कुठाय?"

अनसूयम्माने वर बघितलं. तिचा चेहरा उजळला. "तो मी तुम्ही न सांगताच पोचवला."

"कोणाला?"

"आता कोणाला म्हणजे काय! सगळ्या डब्यांना सोडून एकाच डब्याला लाल दोरा. मी काय समजत नाही? गल्लीच्या टोकाला मुलीच्या बापाची सख्खी बहीण राहते. तिला काय परक्यांसारखे दोन अरिसेलु पानावर द्यायचे? मी मनात म्हटलं, भास्करम अण्णय्यगारूंनी शेवटी मनावर घेतलं. तोंडाने बोलायला जड जात असेल, म्हणून खास डबा बांधून आणला. माझी धाकटी जाऊ स्वतः देऊन आली. सांगितलं पण तिने, माहेरहून खास तुमच्यासाठी आलाय म्हणून."

चकलीचा एक तुकडा पानावरून घरंगळत पायरीवर गेला. तो कोणी उचलला नाही.

*

सीतारत्नम हे नाव मंडपेट्याच्या घरात अठरा वर्षं मोठ्याने घेतलं गेलं नव्हतं.

अठरा वर्षांपूर्वी ती संक्रांतीला माहेरी आली होती. कनुमाच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत निघाली, आणि ती गेल्यावर तासाभरात कामेश्वरीच्या कपाटात कासुलपेरू नाही असं लक्षात आलं. ही माळ पुढे तुझीच, असं माणिक्यांबाने सीतारत्नमला लहानपणी शंभरदा सांगितलं होतं, आणि माळ गेली होती सुनेच्या गळ्यात. त्यावरून त्या संक्रांतीत दोन शब्द झालेही होते. मग आणखी पुरावा कशाला हवा? भास्करम मोटरसायकल काढून रावुलपालेमच्या बस-स्टँडवर गेला. बहिणीला बसमधून उतरवलं. तिची पत्र्याची पेटी फलाटावर ठेवून उघडली. साड्या, झंपर, लोणच्याची बरणी, मुलाचं लोकरीचं टोपडं, सगळं चारचौघांत बाहेर निघालं. माळ निघाली नाही. सीतारत्नमने एक अक्षर न बोलता सगळं परत भरलं आणि पुढची बस धरली.

माळ संध्याकाळी चिंचेच्या मडक्यात सापडली. सगळे जत्रेला जाणार म्हणून माणिक्यांबाने आदल्या दिवशी ती तिथे ठेवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! भास्करमने बहिणीला पत्र टाकलं. "वस्तू सापडली. काळजी नसावी." एवढंच. त्या पत्राला उत्तर आलं नाही.

पुढे शिरीषासाठी तेनालीचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, गल्ली मात्र सीतारत्नमची. आपल्याला काय गल्लीशी लग्न लावायचंय, असं म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून घेतले.

आता ओसरीवर सगळे जमले होते. भास्करम पायात चपला घालत होता.

"कुठे निघालास?" माणिक्यांबाने विचारलं. ती भिंतीला धरून बाहेर आली होती.

"डबा आणायला. काय करू मग? साडेचार वाजलेत. उद्या सकाळी उष्टावण आहे. नीट सांगेन तिला. चुकून आला म्हणेन."

"चुकून आला? माहेरहून खास आलाय म्हणून दिलेला डबा? अठरा वर्षांनी पहिल्यांदा दाराशी काही गेलं, आणि तू तासाभरात म्हणणार चुकून आला, उघडून बघू दे?"

"उघडून बघू दे असं मी कशाला म्हणेन?"

"नाही म्हणणार. पण तू उभा राहिलास की ती तेच ऐकेल."

भास्करमने एक चप्पल घातली होती. तो तसाच थांबला. त्याला राग येत होता आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं. "तूच लपवायचंस आणि तूच वर शहाणपण सांगायचं," तो म्हणाला. "तेव्हाही तूच. मडक्यात ठेवलंस आणि विसरलीस. मी बस-स्टँडवर तोंड काळं करून आलो."

माणिक्यांबा ओसरीच्या पायरीवर बसली. आता सांगितलं नाही तर हे आपल्याबरोबर सरणावर जाईल असं तिला वाटलं. व्याह्यांच्या दारात सांगायची गोष्ट नव्हती, पण दुसरी जागा आता कुठून आणायची?

"मी विसरले नव्हते," ती म्हणाली.

"काय?"

"तू मोटरसायकल काढलीस आणि गल्लीच्या बाहेर गेलास. मी चिंच भिजत घालायला मडक्यात हात घातला, आणि हाताला माळ लागली. कोणाला दुसऱ्या मोटरसायकलवर पाठवलं असतं तर तो स्टँडवर तुझ्या मागोमाग पोचला असता. पण सुनेसमोर कुठल्या तोंडाने सांगू? मी झाकण ठेवलं. म्हटलं, संध्याकाळी सापडली म्हणेन. मला वाटलं, तू नुसता विचारशील. पेटी उघडशील असं नव्हतं वाटलं."

आत बाळ रडायला लागलं आणि शिरीषा उठली नाही. अनसूयम्मा हळूच उठून आत गेली. व्याह्यांच्या घरचं इतकं ऐकायचं नसतं हे तिला कळत होतं. पण तिने आतून दार लावून घेतलं नाही.

भास्करम मटकन ओट्यावर बसला. अठरा वर्षं त्याने स्वतःला एकच समजूत घातली होती. आई विसरली, त्यात माझा काय दोष? ती समजूतही आता हातात राहिली नाही. त्याला फलाटावरचं ते लोकरीचं टोपडं आठवलं. ते खाली पडलं होतं, आणि त्याने ते उचलून दिलं नव्हतं.

"आत्या माझ्याशी बोलते," शिरीषा एकदम म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"देवळात. लग्न झाल्यापासून. मी पोटुशी होते तेव्हा मला आंबट खावंसं वाटायचं, तेव्हा ती कच्च्या चिंचा आणून द्यायची. तुम्हाला सांगू नकोस म्हणाली. तिने कधी तुमच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही. फक्त एकदा विचारलं, अम्माचे गुडघे कसे आहेत."

माणिक्यांबाने पदर तोंडाला लावला.

*

आता प्रश्न कामेश्वरीचा होता, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. माळ तिची होती. ती म्हणेल तसं होणार होतं.

भास्करम तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "तू जातेस का? बाई माणूस बाई माणसाशी..."

"आणि काय म्हणू?"

"काहीतरी."

"लग्नापासून ती माळ माझ्या गळ्यात आहे," कामेश्वरी म्हणाली. "दर लग्नात कोणी ना कोणी म्हणतं, अगंबाई, किती सुंदर, सासूबाईंची का? आणि गेली अठरा वर्षं मला दरवेळी तुमची बहीण आठवते. कपाट उघडून 'माळ नाही' असं ओरडले होते, ते मी. सीतारत्नमने नेली असं मी म्हटलं नव्हतं. पण तुम्ही निघालात तेव्हा 'थांबा' असंही म्हटलं नव्हतं."

"मग काय करायचं?"

"काही नाही करायचं. कोणी जायचं नाही."

"आणि तिने परत दिली नाही तर?"

"तर नाही दिली." एकशे आठ नाणी होती, तिला काही ती जड झाली नव्हती. "एकदा तिची पेटी उघडली. आता तिच्या घरातला डबा आपण उघडायचा नाही. शिरीषा उद्या बंदरची माळ घालेल. लांबून कोणाला कळतंय?"

"मला कळेल," अनसूयम्मा आतून म्हणाली. "पण मी कोणाला सांगणार नाही."

त्यावर माणिक्यांबालाही हसू आलं. भास्करमने घातलेली चप्पल काढून ठेवली. मग ते सगळे उरलेल्या चकल्या पानांवर मांडायला बसले, कारण बसून राहण्यापेक्षा ते बरं होतं. कोणी घड्याळाकडे बघत नव्हतं, आणि सगळ्यांचे कान गल्लीकडे होते. माणसाचा जीव जिथे, तिथे त्याचा हात, असं म्हातारी म्हणाली होती. त्या संध्याकाळी कामेश्वरीचा हात कमरेला नाही, गळ्याला जात होता.

उन्हं उतरली. गल्लीतल्या बायका सडा घालायला बाहेर आल्या. आणि मग एकेकीचे हात थांबायला लागले.

सीतारत्नम गल्लीच्या मधोमध चालत येत होती. केस पांढरे झाले होते, चाल मात्र तीच, जरा डावीकडे झुकणारी. एका हातात स्टीलचा डबा, त्याच्या कडीला लाल दोरा. आणि गळ्यात कासुलपेरू. पदराखाली नाही, पदरावरून. एकशे आठ लक्ष्म्या उतरत्या उन्हात चमकत होत्या, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरच्या बायका बघत होत्या. ती सावकाश येत होती. कोणाचं बघायचं राहू नये इतकी सावकाश.

ती पायरीशी थांबली. आधी डबा ओसरीवर ठेवला.

"डबा रिकामा परत द्यायचा नसतो," ती अनसूयम्माला म्हणाली. "आत पेरू आहेत. घरच्या झाडाचे."

मग ती आईकडे वळली. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"अम्मा, दागिना न्यायचा तर असा न्यायचा. गळ्यात घालून, चारचौघांच्या देखत. लपवला की चोर घरातच शोधावा लागतो."

माणिक्यांबाने डबा जवळ ओढला आणि कडीचा लाल दोरा चाचपला.

"डबा आला तेव्हा तास-दीड तास मी तो उघडलाच नाही," सीतारत्नम म्हणाली. आता तिचा आवाज तितका ठाम राहिला नाही. "नुसता समोर ठेवून बसले. मग उघडला. दोन थर काढले आणि माळ दिसली. मला वाटलं, तू माझी मला पाठवलीस. खरंच वाटलं, अम्मा. लाल दोरा बांधून. मी घालून आरशात बघितली. मग ते मलमलचं फडकं बघितलं, त्याची गाठ बघितली, आणि कळलं. म्हटलं, म्हातारीने पुन्हा लपवलं. पुन्हा शोधाशोध चालली असेल. या वेळी कोणी उठून यायच्या आत आपणच जावं."

"कोणी येणार नव्हतं," कामेश्वरी म्हणाली.

सीतारत्नमने तिच्याकडे बघितलं. तिचा विश्वास बसला नसावा. मग तिने पानांवर मांडलेल्या चकल्या बघितल्या, ओट्याखाली काढून ठेवलेल्या भावाच्या चपला बघितल्या. तिचा विश्वास बसला.

"सीता," माणिक्यांबा म्हणाली. "मी विसरले नव्हते गं. मला तेव्हाच सापडली होती. मी सांगितलं नाही. अठरा वर्षं सांगितलं नाही."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"अण्णय्या पेटी उपसत होता तेव्हाच मला आठवलं. माझ्या लहानपणी जत्रेला जाताना तू बांगड्या कुठे ठेवायचीस? चिंचेच्या मडक्यात. आणि चिंच भिजत घालायला रोज तुझाच हात त्यात जायचा. मी तिथेच सांगू शकले असते. पण पेटी उघडल्यावर मी कशाला सांगू? म्हटलं, शोधा. बसा शोधत." तिने डोळे पुसले. "इतकी वर्षं बसाल असं वाटलं नव्हतं."

भास्करम उठून उभा राहिला होता. "सीतारत्नम," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला येईना. चोपन्न वर्षांचा माणूस, चार भावकींचे तंटे मिटवणारा, पण बहिणीसमोर एक वाक्य जुळेना. शेवटी म्हणाला, "ते टोपडं खाली पडलं होतं."

"मी उचललं," ती म्हणाली. "माझा मुलगा आता नोकरीला लागलाय."

तिने मानेमागे हात नेला आणि माळेची गाठ सोडायला लागली. कामेश्वरीने पुढे होऊन तिचा हात धरला.

"राहू दे. उद्या सकाळी शिरीषा घालेल. मग परत तू घाल. परवा आम्ही निघतोय, आणि विजयवाड्याला काय गर्दी असते तुला माहीत आहे. माझ्याच्याने ही जोखीम होत नाही. तूच गळ्यात घालून मंडपेट्याला चल. पोचल्यावर बघू कोणाची ती."

"माझी तयारी नाही."

"एक दिवस आहे की मध्ये. चार साड्या भरायला किती वेळ लागतो?"

सीतारत्नमने आईकडे बघितलं. माणिक्यांबा पायरीवर सरकून बसली आणि शेजारची जागा तिने हाताने पुसली.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा उभी होती. नऊ डबे परत निघाले होते, आणि एकही रिकामा नव्हता. तांदूळ, हळद, पेरू, एकीने तर जुनं लोणचं घातलं होतं. सीतारत्नम आली ती रेक्झिनची बॅग घेऊन. गळ्यात माळ.

"पदर तरी घे वरून," माणिक्यांबा कुजबुजली. "स्टेशनवर चोर बघतील."

"बघू देत, अम्मा. चोर बघतील तेव्हा आपलीही माणसं बघत असतील."

बॅगेची चेन खराब होती. एका कोपऱ्यातून साडीचा निळा काठ बाहेर आला होता. भास्करमने बॅग तिच्या हातातून घेतली.

"कुलूप नाही तिला," सीतारत्नम म्हणाली. ती हसत होती, पण पूर्ण नाही. "अण्णय्या, आत काय आहे ते आत्ताच बघून घेतोस का? मग स्टेशनवर नको."

कामेश्वरीने डोळे मिटले.

भास्करमने बाहेर आलेला काठ बोटाने हळूच आत सारला. खांद्यावरचा पंचा काढला, बॅगेभोवती गुंडाळला आणि गच्च गाठ मारली. गाठीवर आणखी एक गाठ मारली. मग बॅग उचलून डोक्यावर घेतली. रिक्षा समोरच उभी होती, तरी तो तिच्यात बसला नाही. बहिणीची बॅग डोक्यावर घेऊन, सडा घालणाऱ्या सगळ्या बायकांच्या देखत, तो गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला.